बोक्याच्या मिशा कापल्या गेल्या, तोल जातोय – मदत हवी आहे

घाईगडबड:
पटकन सांगा कुणीतरी. बोक्याच्या मिशा कापल्या गेल्यात आणि तो सारखा धडपडतोय. खुर्चीवरून खिडकीत नेहमीची उडी, तीसुद्धा चुकते. काल सरळ चालताना भिंतीला घासला. मिशा परत यायला किती दिवस लागतात? लवकर वाढायला काही औषध? गूगल करून झालंय, लिंका देऊ नका.

मांजरवेडी:
कुणी कापल्या? एका बाजूच्या की दोन्ही? मुळापासून उपटल्यात की वरून कापल्यात? वय किती त्याचं?

भिंगरी:
रोज तेलाचं बोट फिरवा. माझे केस त्यानेच परत आले.

मांजरवेडी:
भिंगरी, तो तासाभरात सगळं चाटून टाकेल. काहीही लावू नका हो.

शेपटीवाला:
मिशा ही मांजराची मोजपट्टी असते. फटीतून आपण मावतो का, ते मिशांवरून कळतं. म्हणून धडपडतोय.

तिरकस:
मग आमचा बोका वर्षभरात दुप्पट झाला, मिशा तेवढ्याच राहिल्या. दोनदा कपाटामागे अडकला. मोजपट्टी बदलून मिळते का कुठे?

घाईगडबड:
अहो विषय काय चाललाय! डावीकडच्या कापल्यात, कात्रीने, भाच्याने. तीन दिवस झाले. वय चार. औषध सांगा.

रात्रपाळी:
औषध लागत नाही. मिशीच्या केसात नस नसते, त्यामुळे कापताना दुखत नाही. उपटली तर मात्र चांगलंच दुखतं, कारण मूळ साध्या केसाच्या जवळजवळ तिप्पट खोल असतं आणि त्याभोवती रक्ताची पिशवी नि मज्जातंतूंचं जाळं असतं. मिशी जरा हलली की ते मुळाशी कळतं. दोन-तीन महिन्यांत पूर्ण येतील.
पण मला एक खटकतंय. मांजराला नाकापुढचं वीतभर अंतरावरचं धूसर दिसतं, तिथे मिशा कामाला येतात. उंदरावर झडप घालताना त्या कशा पुढे येतात ते बघा कधी. खिडकीपर्यंतच्या उडीचा अंदाज मात्र डोळ्यांनी घेतला जातो, आणि तोल सांभाळतो आतला कान. नुसत्या मिशा गेल्या म्हणून चालताना कुणी भिंतीला जात नाही. डोकं एका बाजूला कलतं का? बुबुळं आपोआप आडवी सरकतात का?

शेपटीवाला:
असहमत. मिशांच्या मुळाशी शरीराची स्थिती टिपणारी मज्जातंतूंची टोकं असतात. तोलाशी संबंध आहेच.

रात्रपाळी:
थोडी मदत होते, नाही म्हणत नाही. पण स्फिंक्स जातीच्या मांजरांना बहुधा मिशाच नसतात, असल्या तर तुटक्या. ती काय दिवसभर पडत असतात?

एक वाचक:
अवांतर: मांजर उंचावरून पडताना हवेतच पालथं होतं, त्याचे फोटो मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1894 मध्ये ओळीने काढले होते. जबरदस्त आहेत.

तिरकस:
इथे बोका खुर्चीवरून पडतोय, इतकी उंची नाहीये.

घाईगडबड:
डोकं डावीकडे कलतं, हो. मिशा नाहीत म्हणून त्या बाजूने चाचपडत असेल असं वाटलं. बुबुळांचं बघतो. कानाचा काय संबंध? कान खाजवत होता म्हणून त्याच दिवशी कुत्र्याचे उरलेले थेंब घातले होते. टॉवेलात गुंडाळून मी धरला होता, तेवढ्यात भाच्याने कात्री चालवली.

मांजरवेडी:
हे आत्ता सांगताय?

रात्रपाळी:
कुठल्या कानात? डाव्याच ना? थेंब ताबडतोब बंद. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानाला अपाय करतात आणि नेमकं हेच होतं. थेंबांचं काहीही नसलं तरी आत संसर्ग पोचला असू शकतो. आजच डॉक्टरकडे न्या, बाटली बरोबर घ्या. तोवर उंच जागा बंद.

भिंगरी:
माझ्या ताईच्या मांजरीच्या मिशा आपोआप गळतात. तिला काय द्यावं?

मांजरवेडी:
एक-दोन गळणं साहजिक आहे. भरभर गळत असतील तर दाखवा.

घाईगडबड:
अपडेट. थेंब डाव्याच कानात घातले होते. पडद्याला भोक आहे, आत पू झालाय. गोळ्या चालू केल्यात, थेंब बंद. डॉक्टर म्हणाले डोकं थोडं कललेलं राहीलही कदाचित. मिशांबद्दल विचारलं तर हसले. भाच्याला चार दिवस ओरडत होतो, आज त्याला आधी बोलावून सांगितलं. बोका आता पलंगाला पाय लावून, थांबून, मग चढतो. डावीकडे काळे खुंट दिसायला लागलेत.

भिंगरी:
कुठलं तेल लावलंत?