सहा जणांची एकच आरोग्य पॉलिसी ठेवावी की वडिलांना वेगळे करावे? आणि कामगारांचे काय?

टॉवेल कारखानदार, सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे. घरात मी (वय 46), पत्नी, दोन मुले, आई (66) आणि वडील (72) असे सहा जण असून गेली नऊ वर्षे आम्ही सर्वांची मिळून दहा लाखांची एकच फ्लोटर पॉलिसी चालवत आहोत. मागील वर्षी 84,000 रुपये हप्ता आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 15,120 असे एकूण 99,120 रुपये भरले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरील जीएसटी रद्द झाल्यामुळे यंदा पंधरा हजार वाचतील असे आम्ही धरून चाललो होतो, पण नूतनीकरणाची सूचना 91,800 रुपयांची आली. म्हणजे कराची निम्मी बचत मूळ हप्त्यानेच खाल्ली. वडिलांना मधुमेह आहे, आईचे गुडघे दुखतात, आणि पुढील पाच वर्षे हा हप्ता असाच वाढत गेला तर मुलांच्या शिक्षणाच्या ऐन काळात तो पेलणार नाही, ही माझी खरी काळजी आहे. वडिलांना पॉलिसीतून काढून त्यांचे सत्तरीवरील ज्येष्ठांसाठीचे सरकारी कार्ड करावे का?

दुसरा प्रश्न कामगारांचा आहे. सहा महिन्यांपूर्वी माग वाढवल्यामुळे कामगार आठवरून चौदा झाले. त्यांत विणकर आहेत, कांडी भरणाऱ्या आणि टॉवेलांच्या कडा शिवणाऱ्या महिला आहेत. गेल्या महिन्यात एका विणकराने पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडून चाळीस हजारांची उचल घेतली. ती आठवड्याच्या पगारातून फेडताना त्याच्या घरात काय उरत असेल, हे मला दिसते आहे. एका विक्रेत्याने सांगितले की सर्वांची समूह पॉलिसी घ्या, मग ईएसआय या कामगारांच्या सरकारी विम्याच्या नोंदणीची गरज उरत नाही. हे बरोबर आहे का?

विमा प्रतिनिधी, बाळीवेस

मी सतरा वर्षे या व्यवसायात आहे, म्हणून प्रथम हप्त्याचे कारण सांगतो. फ्लोटर पॉलिसीचा हप्ता सामान्यतः घरातील सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो, त्यामुळे आपल्या मुलांचा विमासुद्धा आपण बहात्तर वर्षांच्या माणसाच्या दराने घेत आहात. जीएसटी गेल्याचा पूर्ण लाभ न मिळण्यामागे वैद्यकीय खर्चातील वाढ आहेच, पण आणखी एक गोष्ट अशी की कंपन्या स्वतःच्या खर्चावर भरलेला कर पूर्वी आपल्याकडून वसूल केलेल्या करातून वळता करून घेत असत. ती सोय आता संपली आहे आणि तो भार कुठेतरी मूळ हप्त्यातच येतो. विमा नियामकाने जानेवारी 2025 मध्ये असा आदेश दिला आहे की साठ वर्षांवरील ग्राहकांचा हप्ता एका वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी चर्चा केली पाहिजे. आपली वाढ त्या मर्यादेच्या किंचित आत बसते.

आता वडिलांविषयी. आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांचे आजच काढा, कारण त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आधार कार्डावर ते निघते, आणि खासगी पॉलिसी असली तरी ते मिळते. सत्तरीवरील ज्येष्ठांना त्यातून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि मधुमेहासारख्या जुन्या आजारासाठी थांबावे लागत नाही. आईचे वय सत्तरीच्या आत असले तरी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबांना लागू असून तिची मर्यादाही पाच लाख झाली आहे, ही गोष्ट आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांना अजून नीट ठाऊक नाही.

तरीही केवळ कार्डाच्या भरवशावर वडिलांची पॉलिसी बंद करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. दोन्ही योजना फक्त संलग्न रुग्णालयांत आणि ठरवून दिलेल्या उपचारांसाठी चालतात. मध्यरात्री छातीत दुखू लागले आणि जवळचे रुग्णालय संलग्न नसले, तर ते कार्ड तेथे चालणार नाही. माझा सल्ला असा की आई-वडिलांची त्याच कंपनीत पाच लाखांची वेगळी पॉलिसी करून घ्यावी आणि नऊ वर्षांची सलगता, म्हणजे पॉलिसी खंड न पडता चालल्याची नोंद, नव्या पॉलिसीत लिहून आली आहे ना, हे कागदावर तपासावे. सध्याची पॉलिसी न तोडता, नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी कंपनीला लेखी कळवावे. एप्रिल 2024 पासून पासष्टीच्या पुढच्या व्यक्तीलाही नवी पॉलिसी देण्याची वाट मोकळी झाली आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही) चार वर्षांवरून तीन वर्षांच्या मर्यादेत आला, हे खरे आहे. पण बहात्तराव्या वर्षी नव्याने आत येणाऱ्या मधुमेही व्यक्तीकडून कंपनी किती हप्ता मागेल, किंवा तिला घेईल की नाही, याची हमी त्या नियमात नाही.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

दादा, सलगतेविषयी वर जे लिहिले आहे ते मी स्वतः भोगले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आमची पॉलिसी 2017 पासूनची. 2024 च्या डिसेंबरात माझ्या यजमानांची येथील एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. कंपनीने दावा नाकारला आणि कारण दिले की पॉलिसी घेताना रक्तदाबाची माहिती दिली नव्हती. त्या वेळी त्यांना रक्तदाब असल्याचे आम्हालाच ठाऊक नव्हते. घरी बसलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांना असे पत्र आले की आपणच काही खोटे केले की काय, असे वाटू लागते.

माझ्या भाच्याने नियम शोधून काढला. पॉलिसी सलग साठ महिने चालली असेल तर माहिती दडवली, या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा आहे. पूर्वी ही मुदत आठ वर्षे होती आणि 2024 मध्ये ती पाचवर आली. आमची सात वर्षे झाली होती, म्हणजे जुन्या नियमात आम्ही अडकलो असतो. आम्ही आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहिले, महिनाभर वाट पाहिली आणि मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही चालत नाही, आपले म्हणणे आपणच मांडायचे असते. निकाल आमच्या बाजूने लागला.

पण पैसे पूर्ण मिळाले नाहीत, आणि ती चूक आमची होती. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये होती आणि आम्ही 5,000 ची खोली घेतली. स्टेंट आणि औषधे यांचे पैसे पूर्ण मिळाले, पण डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह यांसारख्या खर्चाचे साठ टक्केच मिळाले, कारण तो खर्चही खोलीच्या प्रमाणात कापला जातो. आई-वडिलांची नवी पॉलिसी घेताना हप्ता दोन हजारांनी जास्त असला तरी चालेल, पण खोलीभाड्याची मर्यादा नसलेलीच घ्या. कॅशलेसला एका तासात परवानगी आणि घरी सोडताना तीन तासांत अंतिम मंजुरी, असाही नियम आता आहे. तो रुग्णालयाच्या विमा खिडकीवर नम्रपणे, पण नाव घेऊन सांगावा लागतो.

लेखापाल, चिंचोळी औद्योगिक वसाहत

कामगारांच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. विक्रेत्याने आपल्याला चुकीचे सांगितले. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्यांसाठी ईएसआय हा कायद्याचा भाग आहे, आणि समूह पॉलिसी घेतल्याने ती जबाबदारी सुटत नाही. शिवाय जीएसटीची माफी समूह पॉलिसीला मिळालेली नाही, तेथे 18 टक्के कर अजून आहे.

आपण हिशोबच करून पाहा. 16,000 रुपये वेतनावर मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 520 रुपये आणि कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 120 रुपये होतात. चौदाही जणांचे वेतन तेवढेच धरले तर आपला भार महिना 7,280 रुपये आहे. त्यातून कामगार, पती किंवा पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील यांना उपचार मिळतात. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो आणि महिलांना 26 आठवड्यांची प्रसूती रजा सवेतन मिळते. बाजारातील साधी समूह पॉलिसी रुग्णालयाचे बिल भागवते, पण घरी बसलेल्या विणकराचा बुडालेला पगार ती देत नाही. कामगार दहा झाले तेव्हापासून नोंदणी व्हायला हवी होती, म्हणून मागील सहा महिन्यांच्या वर्गणीचा आणि व्याजाचा प्रश्न लगेच सोडवून घ्या. उशीर जितका, तितके व्याज.

विणकराचा मुलगा, अशोक चौक

माझे वडील एकतीस वर्षे माग चालवत होते. शेड एकच होती, पण ती कागदावर तीन नावांनी होती आणि प्रत्येक हजेरीपटावर आठच माणसे असत. आमच्या शेजारचे काका मोठ्या गिरणीतून ईएसआयसह निवृत्त झाले. पाच वर्षांची नोकरी विम्यात झालेली असल्यामुळे ते वर्षाला फक्त 120 रुपये भरून स्वतःचे आणि काकूंचे उपचार आजही तेथेच घेतात. माझ्या वडिलांना तो हक्क मिळाला नाही, कारण नोंदीत ते कधी नव्हतेच. मालक, आपल्याला कोणी हजेरीपट दोन करण्याचा सल्ला देईल. कृपया तो ऐकू नका.

टॉवेल कारखानदार, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. तो सल्ला मला याआधीच दोघांनी दिला होता, हे येथे लिहिणे मला योग्य वाटते. अशोक चौकातील भावाचे वाचून मी तो विषय संपवला. काल लेखापालांशी बसून नोंदणीचा अर्ज भरला आणि मागील सहा महिन्यांची मालक व कामगार अशी दोन्हींची वर्गणी मीच भरणार आहे.

वडिलांचे वय वंदना कार्ड आज निघाले. वेगळ्या पॉलिसीसाठी कंपनीला पत्र दिले असून नूतनीकरणाला अजून दोन महिने आहेत. एकच शंका उरली आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी मागितली, तेव्हा कंपनी म्हणते की ती वेगळी योजना आहे आणि तिच्यात आईच्या गुडघ्यांसाठी प्रतीक्षाकाळ नव्याने मोजला जाईल. नऊ वर्षांची सलगता तिथे का धरली जात नाही, हे मी त्यांच्याकडून लेखी मागितले आहे. उत्तर आले की येथेच कळवतो.