मदत हवी आहे : आई-बाबांना समुद्राकाठी एक दिवस थाटात न्यायचं आहे

रंकाळाकाठ
आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. दोघांना एक दिवस थाटात फिरवायचं आहे. समुद्र, उत्तम जेवण, धावपळ अजिबात नको, रात्री घरी परत. रत्नागिरी डोक्यात आहे. खर्चाचं बघून घेऊ. तासागणिक कार्यक्रम कुणी सांगेल का? उद्या गाडीवाल्याला कळवायचं आहे, लवकर सांगा.

घाटवाटा
निघणार कुठून? किती जण? वार कोणता? मासे खाता का?

रंकाळाकाठ
कोल्हापुरातूनच की. पाच जण. जानेवारीतला दुसरा सोमवार, लग्नाची तारीख तीच आहे. मासे सगळे खातात.

पणजीप्रेमी
थाट हवा तर पणजी. सकाळी फोंतेन्यास या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या वस्तीतल्या गल्ल्या, दुपारी निवांत जेवण, संध्याकाळी मांडवी नदीत तासाभराची बोटफेरी. रत्नागिरीत तसलं काही नाही.

घाटवाटा
पणजी आंबोलीमार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला पाच तास. दहा तास गाडीतच गेले तर थाट कसला? दोन दिवस असतील तर पणजी जरूर करा. रत्नागिरी १३० किलोमीटर : मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा. रस्तारुंदीचं काम आणि घाट धरून साडेतीन तास. सहाला निघा, मलकापुरात नाश्ता, साडेनऊपर्यंत शहरात.

पंचांगवाले
सोमवार बदला. एक तर थिबा राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. दुसरं म्हणजे दिनदर्शिका बघा, तुमच्या त्या सोमवारी संकष्टी आहे. गणपतीपुळ्याला जायचा विचार असेल तर दर्शनालाच दिवस जाईल.

रंकाळाकाठ
अरे, संकष्टी लक्षातच आली नाही. बाबांचा कडक उपास असतो, मासे शक्यच नाहीत. आणि एक राहिलं, आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यात. चालते, पण पायऱ्या आणि मऊ वाळू जमत नाही. पुळ्याला नाही गेलो तरी चालेल.

खाडीकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं, सगळी आखणी त्यावरच आहे. मग रत्नदुर्ग किल्ला नको, तिथल्या भगवतीच्या देवळाला पायऱ्या आहेत. बुधवार घ्या. मासे चालतात, राजवाडा उघडा, आणि रविवारची गर्दी नाही.

बुधवारी तिथी षष्ठी. भरतीचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती दुपारी साडेचारच्या सुमारास आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेदहाला. म्हणून समुद्र सकाळीच करायचा. दहाला भाट्ये. पाणी मागे गेलेलं असतं, ओली वाळू टणक लागते, त्यावर आईंना चालता येईल. मऊ वाळू फक्त सुरूच्या बनापासून ओल्या पट्ट्यापर्यंत, तेवढ्यात दोन्ही बाजूंनी हात द्या. घडीची खुर्ची न्या. संध्याकाळी तिथे गेलात तर पाणी वर आलेलं असेल आणि नेमका मऊ पट्टाच वाट्याला येईल.

पणजीप्रेमी
पाऊणपट कशाला, भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिनिटासकट मिळतं.

खाडीकाठ
मिळतं, आणि आदल्या दिवशी ते बघावंच. पाऊणपटीत तासाभराचा फरक पडू शकतो. पण आज वार ठरवायचाय, त्याला हा हिशोब पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी रुंद किनारा. सप्तमी-अष्टमीला बरोबर उलट.

जुनं ते सोनं
टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान चुकवू नका, जन्म १८५६चा. पतितपावन मंदिरही बघा, १९३१ साली सावरकरांच्या पुढाकाराने भागोजीशेठ कीरांनी बांधलं. मत्स्यालय आहे. पावस वीसेक किलोमीटरवर, तेही उरकेल.

घाटवाटा
'उरकेल' हा शब्दच या दिवशी नको. पाच ठिकाणं केली की आई गाडीत चढ-उतार करूनच थकतील. गाडी उंच असेल तर चढायला एक पाट किंवा ठोकळा डिकीत टाका. आईंना पुढची सीट पूर्ण मागे सरकवून द्या, दर तासाला दहा मिनिटं उतरून पाय सरळ करायचे. घाटात कुणाला उलटीचा त्रास असेल तर गोळी निघताना द्यायची नाही, मलकापुरात द्या, म्हणजे घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी. आणि नाश्त्याला दुधाचा चहा आणि तेलकट टाळा.

मत्स्यमार्ग
खरा थाट जेवणात आहे. बसायची जागा आदल्या दिवशी फोन करून ठरवा आणि मासे कोणते येणार ते विचारा. पाच जणांना चारशे-चारशे ग्रॅमची दोन पापलेटं, सुरमईच्या सहा तुकड्या, एक कोळंबीचं कालवण, सोलकढी. पापलेट वजनावर लावतात, ते वजन कच्च्या माशाचं असतं, म्हणून आधी दर विचारून घ्या. मासा बघायला मागा. कल्ल्याजवळ दाबल्यावर पांढरं पाणी आलं तर ताजा, लालसर आलं तर नको म्हणा. येताना सुकटही घ्या, पण दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

पेठकर
कोल्हापूरकर मासे खाऊन समाधानी होत नसतोय. घरी आल्यावर तांबडा-पांढरा ठेवा.

मत्स्यमार्ग
रात्री दहाला, घाट उतरून-चढून आलेल्या पोटावर तांबडा? मऊ भात आणि कढी ठेवा.

रूळवाले
वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे झाली की हा घाटाचा प्रश्नच संपेल. मंजूर होऊन वर्षं झाली, लोकप्रतिनिधींनी रेटायला हवं.

रंकाळाकाठ
रेल्वेचं नंतर बोलू. बुधवार नक्की केला. दुपारी आईला आडवं व्हायला खोली हवी, समुद्र दिसणारी. हॉटेलवाले म्हणतात दुपारी दोनशिवाय मिळणार नाही आणि सकाळी अकराला सोडावी लागेल. काय करू?

खाडीकाठ
आदल्या रात्रीपासूनचं बुकिंग करा, शिवाय बुधवारची रात्र. दोन रात्रींचे पैसे पडतील, पण खोली बुधवारी सकाळपासून हक्काची. 'उशिरा येणार, खोली सोडून देऊ नका' असं लेखी कळवा, नाहीतर रात्री आला नाहीत म्हणून दुसऱ्याला देतात. खोली तळमजल्यावरची किंवा लिफ्टची, आणि कमोडजवळ आधाराचा दांडा आहे का ते विचारा. फोटोत हे दिसत नाही.

मग असं : दहा ते अकरा भाट्ये, सव्वाअकराला खोली, एकला जेवण, साडेतीनपर्यंत झोप. चारला थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इकडे आणलं, त्याच्यासाठी हा १९१०च्या सुमारास बांधला. आईंनी खालचा मजला आणि आवार बघावं, वर बाकीच्यांनी जावं. तिथून जवळच थिबा पॉइंट, साडेपाचला पोचा. त्या सुमारास सूर्य सव्वासहाला मावळतो. खाली भाट्याची खाडी भरलेली असेल आणि आईंना एकही वाळूचा कण तुडवावा लागणार नाही.

घाटवाटा
साडेसहाला तिथून निघा, आठच्या आत घाट ओलांडायला बघा. घाटात रात्री गवे रस्त्यावर येतात, ड्रायव्हरला वेग कमी ठेवायला सांगा. आणि दुपारी तुम्ही झोपाल तेव्हा त्यालाही जेवण आणि पडायला जागा द्या, त्याचा दिवस सोळा तासांचा होतो. गाडीवाले बाहेरगावी बहुतेक वेळा दिवसाला ३०० किलोमीटर किमान धरतात. तुमचं जाऊन-येऊन आणि शहरातलं मिळून तेवढंच भरतं, त्यामुळे त्यावर घासाघीस करण्यापेक्षा टोल आणि ड्रायव्हर भत्ता वेगळा आहे का ते आजच विचारून घ्या.

रंकाळाकाठ
भत्ता वेगळा आहे, टोल धरून सांगितलाय. दोन रात्रींचं बुकिंग आत्ताच करतो. मत्स्यमार्ग, कोळंबी बाबांना चालत नाही, अंगावर पुरळ येतं. त्याऐवजी काय?

मत्स्यमार्ग
बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण सांगा. आणि फोनवरच सांगून ठेवा की कोळंबी तळलेल्या तेलात त्यांची तुकडी तळायची नाही. वेगळा तवा.