मदत हवी आहे: १९ जानेवारीपासून हेरिटेज वॉकवाल्यांकडे ओजेटी, तयारी कशी करू?

काळम्मावाडीची

नमस्कार मंडळी. वर्षभर वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. सहाव्या सत्रात चार श्रेयांकांची ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन घ्यायचं प्रशिक्षण) आहे, म्हणजे १२० तास. वर्गातल्या बऱ्याच जणींनी ओळखीच्या पतसंस्थेत नाहीतर शाळेत सोय लावून घेतली. मी हट्टानं पर्यटकांना कोल्हापूर पायी फिरवणाऱ्या एका छोट्या संस्थेत विचारलं. नवरा-बायको दोघंच चालवतात. "ये, पण आधी एकदा बोलून दाखव" म्हणाले.

तर गेल्या रविवारी ते बोलून दाखवणं झालं. अंबाबाईच्या देवळाबाहेर सांगलीकडचा बारा-पंधरा जणांचा गट होता. मला पाच मिनिटं दिली. मी पाठ करून गेले होते, धाडधाड सुरू केलं: "हे मंदिर हेमाडपंती शैलीतलं असून..." तेवढ्यात काठी टेकून उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "बाळ, हेमाद्री कुठल्या शतकातला गं?" मी म्हटलं तेराव्या. "मग हे देऊळ त्याच्या आधीचं का नंतरचं?" मी म्हटलं आधीचं. "मग त्याचं नाव ह्याला कसं लागलं?"

तोंडाला कोरड पडली. पुढचं सगळं पाठांतर पुसलं गेलं. संस्थेच्या ताईंनी हसत हसत पुढं सांभाळून नेलं, आजोबांनी जाताना डोक्यावर हात ठेवला, पण हॉस्टेलवर येऊन मी रडले, खोटं कशाला सांगू.

तरी घेतलंय त्यांनी. १९ तारखेपासून सुरू. पहिले आठ दिवस नुसतं गटाच्या मागं चालायचं, बोलायचं नाही, असं सांगितलंय. हातात तीन आठवडे आहेत. काय वाचू, कुठं जाऊन बघू? मागं चालून मी शिकणार काय? माझं मराठी राधानगरीकडचं, "आलतो, गेलतो" तोंडात येतंच, ते लपवायचं का? इंग्रजी यथातथाच. आणि किरणोत्सव (मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो) ३१ जानेवारीपासून आहे, नेमका माझ्या दुसऱ्या आठवड्यात, पण हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद होतं. मानधन काही नाही. बसभाडं मागितलं तर वाईट दिसेल का?

---

जुना वाटाड्या

आधी त्या आजोबांचं. त्यांनी तुला फुकटात शिकवणी दिली. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला, महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आता हेमाडपंतीच म्हणतात ते खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ घे, तिथं यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे तो १२१३-१४ च्या सुमाराचा. म्हणजे देऊळ उभं होतं तेव्हा हेमाद्रीचा पत्ता नव्हता. आपल्याकडं चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं दिसलं की म्हणायचं हेमाडपंती, अशी सवय पडून गेली. पुढच्या वेळी असं सांग: "लोक ह्याला हेमाडपंती म्हणतात, पण ही बांधणीची पद्धत हेमाद्रीच्या आधीपासून चालत आलेली आहे." एवढ्या एका वाक्यावर गट तुझ्याकडं बघायला लागतो.

आता मागं चालण्याचं. पोरी, चौदा वर्षं झाली मला, आणि कामाची निम्मी अक्कल गटाच्या शेपटाला आली. पुढं बोलणाऱ्याला माणसांचे चेहरे दिसतात. मागच्याला पाय दिसतात. भवानी मंडपात सातव्या मिनिटाला लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायला लागतात. महाद्वार रोडला कुणीतरी दुकानात शिरतं आणि गट तुटतो. खासबागेच्या वळणावर मागच्या दोघांना एक अक्षर ऐकू येत नाही, कारण रिक्षा. हे सगळं वहीत लिहून काढ, वेळेसकट. आठ दिवसांनी ती वही ताईंना दाखव. इतिहासाच्या टिपणांपेक्षा तीच त्यांना जास्त उपयोगी पडेल, लिहून घे माझ्याकडून.

आणि मोजणी. प्रत्येक थांब्याला मुंडकी मोजायची. मी एकदा पन्हाळ्यावर अंधारबावीत एका काकांना विसरून तीन दरवाज्यापर्यंत आलो होतो. काका शांतपणे खाली फोटो काढत बसले होते म्हणून बरं.

---

पायताण

मानधन नाही म्हणजे फुकट राबवून घेणं झालं. १२० तास म्हणजे रोज चार तास धरले तरी महिनाभराची हजेरी. पर्यटकाकडून पैसे घेणार आणि पोरीला चहा पाजणार. कॉलेजनं असल्या ठिकाणी पाठवूच नये.

---

तटबंदी

@पायताण, राग समजतो, पण नवरा-बायको दोघं चालवतात म्हटलंय तिनं, हॉटेलची साखळी नाही ती. बसभाडं मात्र मागच. पहिल्याच दिवशी, सरळ, लाजू नकोस: "ताई, हॉस्टेल ते मंडप जाण्यायेण्याचा खर्च मिळेल का?" नाही म्हणाल्या तर नाही. पण महिनाभर मनात कुढत बसण्यापेक्षा ते बरं.

मी गेल्या वर्षी ओजेटी केली, एका संग्रहालयात. माझी चूक सांगतो. तासांची नोंद शेवटच्या आठवड्यात एकदम भरायला घेतली. सही करणारे साहेब रजेवर. कुठल्या दिवशी किती तास, हे मलाच आठवेना. अठरा तास गेले ते गेलेच, पुन्हा जाऊन भरून काढावे लागले. तू रोज निघताना सही घे. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय काम केलं ते एका ओळीत. कॉलेजचं पत्र आणि संस्थेचं होकाराचं पत्र, दोन्हीच्या झेरॉक्स पहिल्याच दिवशी फाइलला लाव. अहवाल लिहिताना हीच वही सांगाडा होते.

अजून एक, पन्हाळ्याला एकदा एकटी जाऊन ये, गटाबरोबर नको. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे. त्यामुळं "बारातले बाकीचे अकरा कुठले?" हा प्रश्न येणारच. पन्हाळा धरून अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, हे तरी पक्कं ठेव.

---

मोडीवाला

तीन आठवड्यांत सगळं कोल्हापूर डोक्यात भरायला जाऊ नका. रविवारी तेच केलंत म्हणून कोलमडलात. एक वस्तू धरा.

टाऊन हॉल संग्रहालयात जा, सोमवार सोडून. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तिथं सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती तिथं आहे. रोमन बनावटीचा समुद्रदेव, हात उंचावलेला. लहानशी मूर्ती आहे, घाईत असलेला माणूस शेजारून निघून जातो. तिच्यासमोर अर्धा तास उभ्या राहा. मग स्वतःला विचारा: समुद्र एवढा लांब, घाट उतरून जायचं, तरी हा देव पंचगंगेच्या काठी आला कसा? त्याच्याबरोबर आणखी काय आलं? मोबदल्यात इथून काय गेलं? ह्या एका मूर्तीवर दहा मिनिटं न थांबता बोलता यायला लागलं की उरलेलं गाव आपोआप सुटत जातं. येताना इमारतीकडंही बघा. आराखडा मेजर मँट यांचा, न्यू पॅलेसही त्यांचाच, १८८४ ला पूर्ण झालेला. दोन्ही पाठोपाठ पाहिल्या तर डोळ्याला हात ओळखू येतो.

भाषेचं: "आलतो, गेलतो" अजिबात लपवू नका. पुण्या-मुंबईचा माणूस त्यासाठीच पैसे मोजून येतो. फक्त तारखा आणि नावं सावकाश उच्चारा.

---

गुऱ्हाळ

मी बाहेरची, नाशिककडची. लग्नानंतर इथं आले, त्यामुळं पाहुण्याच्या बाजूनं सांगते. कोल्हापुरात पहिल्यांदा आले तेव्हा इतिहासाबद्दल एकही प्रश्न पडला नव्हता. पडलेले प्रश्न असे: चप्पल कुठं ठेवायची? बायकांसाठी स्वच्छ शौचालय कुठं? पांढरा रस्सा तिखट असतो का? (नसतो, आणि मी आधी तांबडा ओतून घेतला होता, डोळ्यातून पाणी.) चप्पल खरी कोल्हापुरी कशी ओळखायची?

ह्या शेवटच्यावर तयारी करच, कारण २०२५ च्या प्रादा प्रकरणापासून (त्या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला आपल्या म्हणून दाखवल्या होत्या) प्रत्येक जण विचारतो. चप्पल लाईनमध्ये नुसती दुकानं बघू नकोस, सुभाषनगरात जिथं चप्पल प्रत्यक्ष शिवतात तिथं जा. वेणी कशी वळतात, कान कुठला, अंगठा कुठला, हे हातात घेऊन बघ. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना, चार-चार जिल्हे. हे सांगितलंस की एखादा तरी कोल्हापूरकर भांडायला उठतो, तेव्हा हसून घे.

---

काळम्मावाडीची

बाप रे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. @तटबंदी, वही आजच आणली, दोनशे पानी.

@मोडीवाला सर, काल टाऊन हॉलला गेले. अर्धा तास ठरवला होता, पन्नास मिनिटं झाली. तिथल्या मामांनी दोनदा येऊन विचारलं, "काय हरवलंय का बाई?"

गेटचं आणि किरणोत्सवाचं कुणीच बोललं नाही अजून.

---

जुना वाटाड्या

ते राहिलं खरं. देवी पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून मावळतीची किरणं आत येतात. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि तसंच ९ ते ११ नोव्हेंबर. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग, धूळ, वाटेतल्या इमारती, कशानंही अडतं ते. म्हणून पाहुण्यांना "दिसणारच" असा शब्द कधी द्यायचा नाही. "वाट बघू" म्हणायचं. न दिसलं तरी लोक रागवत नाहीत, खोटा शब्द दिला की रागवतात.

सगळं सूर्यास्ताच्या आसपास उरकतं, पण गर्दीतून बाहेर पडायला तेवढाच वेळ लागतो. साडेसात गाठणं अवघड. कॉलेजच्या पत्रावर त्या तीन तारखा घालून वॉर्डनकडं आधीच अर्ज दे. आदल्या दिवशी तोंडी विचारलंस तर नाहीच म्हणतील. आणि परत सोडायला कोण येणार, हे ताईंशी ठरवून अर्जात लिही.

---

काळम्मावाडीची

अर्ज दिला. वॉर्डन मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "किरणोत्सवाला अभ्यास म्हणतात होय?" पण सही केली, एका अटीवर: ३१ ला त्यापण येणार.

आणि आज दुपारी मी एकटीच आख्खा मार्ग चालले, घड्याळ लावून. महाद्वार, देऊळ, भवानी मंडप, तिथून खासबाग मैदान, शेवटी केशवराव भोसले नाट्यगृह. न बोलता ३४ मिनिटं. म्हणजे बोलत दीड तास तरी. खासबागेच्या वळणावर खरंच काही ऐकू येत नाही, तिथं बोलायचंच नाही असं वहीत लिहिलंय. नाट्यगृहापाशी काय सांगायचं ते मात्र सुचेना. १९१५ ची वास्तू, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. पुढं शब्दच फुटत नाहीत. तिथं शाळेतल्या स्पर्धेला नाटक केलं होतं आम्ही. मी झाड झाले होते.

---

मोडीवाला

मग झाडाचंच सांगा.

---

पायताण

बसभाड्याचं काय झालं?

---

काळम्मावाडीची

@पायताण, विचारलं. ताई म्हणाल्या, "बसभाडं देते, आणि रविवारी जेवणपण. पण त्या आजोबांना परत बोलावलंय पुढच्या महिन्यात, तेव्हा तू बोलायचंस."