राज्य बदलून शेतावर राहायला जातोय: दोन वर्षं बंद असलेली जागा, कामांचा क्रम कसा लावावा?

नवी_वस्ती

नमस्कार मंडळी. दुसऱ्या राज्यातून पाच एकरांच्या शेतावर कायमचं राहायला येतोय. सामान हलवायला तीन आठवडे आहेत, तोवर अधूनमधून जाऊन कामं उरकता येतील. घर आणि शेत दोन वर्षं बंद आहे.

बोअर ७५ मीटर, आतला व्यास १५० मिमी, थ्री फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी मोटर) ४८ मीटरवर सोडलेली. सेप्टिक टँक आहे, पण नेमकी कुठे ते कळत नाही. कुंपण काटेरी तारेचं, लाकडी खांबांचं, दोन कोपऱ्यांत आत झुकलंय. जमीन उताराची, घराच्या खालच्या अंगाला एक पट्टा मात्र कायम हिरवागार दिसतो. घरात चार माणसं, त्यातलं एक आठ महिन्यांचं बाळ. सोबत दोन दुभत्या गाई आणि वीस कोंबड्या आणायच्या आहेत.

विचारायचं एवढंच: आधी काय, नंतर काय? बोअरमध्ये ब्लिचिंग पावडर किती टाकायची? आणि गाई पहिल्याच खेपेला आणाव्यात का?

पाणाड्या

पाणी आधी, बाकी सगळं नंतर. त्यातही मोटर, मग नमुना, मग क्लोरीन, असा क्रम ठेवा. बरेच जण पोचल्या पोचल्या ब्लिचिंग ओततात आणि मग नमुना देतात. तो अहवाल चांगला येणारच, पण त्यातून बोअरचं दुखणं काय ते कळत नाही.

मोटर: दोन वर्षं बंद असलेली मोटर थेट चालू करू नका. स्टार्टरची पेटी उघडा. पाली, मुंग्या, उंदरांनी कुरतडलेली वायर हमखास सापडते. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) प्रत्येक फेज आणि अर्थिंगमधलं इन्सुलेशन तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर जळाली असं कुणी म्हणालं तरी आधी केबलचा जॉइंट बघा; ओल तिथून शिरते. ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरला लावा. मागच्या माणसाने ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून तो वर चढवून ठेवलेला असू शकतो. थ्री फेज आहे, तेव्हा फिरण्याची दिशाही बघा. उलटी फिरणारी सबमर्सिबल पाणी देते, पण कमी. कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करा आणि ज्यात पाणी जास्त येईल ती जोडणी कायम ठेवा.

पहिलं गढूळ पाणी निवळेपर्यंत शेतात सोडून द्या. त्यानंतर दोन नमुने घ्या. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच हवी. नळाचं तोंड ज्योतीने शेकून, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून मग भरायची, थंड ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. त्यात पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), कठीणपणा, लोह, फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक मागून घ्या. घरात तान्हं बाळ आहे, म्हणून नायट्रेट वगळू नका.

क्लोरीनचा हिशोब: १५० मिमी बोअरमध्ये एका मीटरला १७.७ लिटर पाणी मावतं. पाण्याची पातळी कळली की उभ्या पाण्याची उंची गुणिले १७.७. दर १००० लिटरला १०० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे ३० टक्क्यांची ताजी पावडर साधारण ३३० ग्रॅम. पोत्याचं तोंड उघडं राहिलेली जुनी पावडर निम्मी मेलेली असते, ती घेऊ नका. बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या आणि फक्त वरची निवळी ओता. खालचा चुना बोअरमध्ये गेला तर भेगांत बसतो. मग मोटर चालू करून पाइपने पाणी पुन्हा केसिंगमध्ये (बोअरच्या तोंडाच्या पाइपात) सोडत राहा, क्लोरीनचा वास येईपर्यंत. घरातला प्रत्येक नळ वास येईपर्यंत उघडा, मग १२ ते २४ तास सगळं बंद. फिल्टर, आरओ यांना आधीच बायपास करा. नंतरचं पाणी उघड्या जमिनीवर सोडा. सेप्टिक टँकमध्ये, तळ्यात किंवा झाडांच्या आळ्यात नको. आणि त्या बादलीत आधी टॉयलेट साफ करायचं ॲसिड असेल तर ती बादली वापरूच नका, विषारी वायू सुटतो.

बोअरचं तोंडही बघा. केसिंग जमिनीच्या किमान ३० सेंमी वर, झाकण घट्ट, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा. हे नसेल तर पहिल्याच पावसात पुन्हा तेच पाणी आत.

मातीमोल

तो कायम हिरवा पट्टा मला खटकतोय. कोरड्या दिवसांतही तिथेच गवत माजलेलं असेल तर एक तर पाझर आहे, नाहीतर शोषखड्डा (सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) भरून वर येतोय. संडासाचा पाइप घराच्या कुठल्या भिंतीतून बाहेर पडतो ते बघा आणि त्या रेषेत लोखंडी सळई दर अर्ध्या मीटरला हलकेच खुपसत जा. स्लॅबवर आपटली की आवाजच बदलतो. झाकण सापडलं की काठीला पांढरं फडकं गुंडाळून आत सोडा. तळचा गाळ आणि वरची साय मिळून टाकीच्या एक तृतीयांशावर गेली असेल तर उपसायला माणूस बोलवा. स्वतः किंवा मजुराला आत उतरवू नका, डोकंही घालू नका. टाकीतल्या वायूने एक पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. झाकण तडकलेलं असेल तर घरात पोर असताना ते काम उद्यावर ढकलू नका.

शोषखड्डा आणि बोअर यांत किमान १५ मीटर अंतर हवं, भुसभुशीत किंवा भेगाळ्या खडकाच्या जमिनीत त्याहून जास्त. खड्डा बोअरच्या वरच्या अंगाला असेल तर पाणाड्यांनी सांगितलेल्या अहवालात तो उमटेलच.

मातीचं थोडक्यात: जुन्या राज्यातलं पेरणीचं वेळापत्रक, खताची मात्रा, दोन पाण्यांतलं अंतर, सगळं तिकडेच ठेवून या. रंग आणि पोत बदलला की तुकडा वेगळा धरा. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी व्ही आकाराचा, २० सेंमी खोल खड्डा करा आणि कडेची बोटभर जाडीची चकती खरवडून घ्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, वाट सोडा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीत भरली तर अहवाल त्या गोणीचा येईल.

गोठा, शेड, नवा रस्ता यांतलं काहीही जोराचा एखादा पाऊस बघितल्याशिवाय बांधू नका. पाऊस चालू असताना छत्री घेऊन फिरा आणि पाणी जिथून वाहतं तिथे खुंट्या ठोका. दुसऱ्या दिवशी कुठे साचलंय ते बघा. या दोन फेऱ्यांत जे कळतं ते नकाशात सापडत नाही.

गोठा_आणि_गव्हाण

गाई शेवटच्या खेपेला. पाण्याचा अहवाल हातात, कुंपण उभं आणि सावलीची सोय झाल्यावरच.

निघण्याआधी जिथे जायचंय त्या राज्याच्या पशुसंवर्धन खात्याला विचारा: कोणत्या चाचण्या, कोणत्या लसी, आरोग्य दाखला किती दिवसांच्या आतला, कानातला बिल्ला लागतो का. हे प्रत्येक राज्यात वेगळं असतं आणि जनावरं गाडीत चढल्यावर विचारून उपयोग नाही. रोपं, बियाणं, माती लागलेली अवजारं, वैरण यांनाही काही ठिकाणी बंदी असते. अवजारं आणि टायर निघतानाच धुऊन घ्या. तणाचं बी आणि मातीतले रोग फुकट प्रवास करतात.

गाई यायच्या आधी रान पायी तुडवा. जुनी बॅटरी, रंगाचे डबे, तारेचे तुकडे, खिळे वेचा. बॅटरीतलं आणि जुन्या रंगातलं शिसं गाई चाटतात आणि त्याने मरतात. गिळलेली तार जाळीपोटातून हृदयाकडे सरकते. दोरीला मोठं चुंबक बांधून जुन्या शेडच्या जागेवरून ओढलं तर किती खिळे निघतात बघा. कण्हेर, घाणेरी, एरंड ओळखून काढा. कापलेली कण्हेर वाळली तरी विषारीच. ज्वारी असेल तर कापणीनंतरचे कोवळे फुटवे खाऊ देऊ नका, किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते.

वैरण एकदम बदलू नका. आठ-दहा दिवसांत पाव, अर्धी, पाऊण असं करत नवीन चाऱ्यावर आणा. पोटातले जिवाणू बदलायला तेवढा वेळ लागतो. पाण्याची चव बदलली की गाय कमी पिते आणि दूध लगेच उतरतं, तेव्हा पहिले काही दिवस किती पिते ते मोजा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गोचिडं कमी असलेल्या भागातून गोचिडांच्या भागात आलेल्या मोठ्या गाईला तिथल्या गोचीड तापाची सवय नसते. पहिले दोन महिने अंगाला हात लावून गोचीड शोधा आणि संशय आला की ताप मोजा. ताप चढला आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली किंवा खांद्यापुढची गाठ सुजली, तर डॉक्टरला सकाळी नव्हे, तेव्हाच बोलवा.

कुंपणाचं: तारा ओढण्याआधी कोपरे सरळ करा. झुकलेल्या कोपऱ्यावर तार ताणली की तो आणखी आत येतो. कोपऱ्याच्या खांबाचा एक तृतीयांश भाग जमिनीत हवा. शेजारच्या खांबाला वरून आडवं लाकूड आणि तिरकी तार पिळून घ्या. ही तार कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून शेजारच्या खांबाच्या शेंड्याकडे जाते. उलटी बांधली तर ती असून नसल्यासारखी. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) लावणार असाल तर काटेरी तारेत करंट सोडू नका, गुरफटलेलं जनावर सुटत नाही. वेगळी साधी तार लावा आणि अर्थिंगला १.८ मीटरचे तीन गॅल्व्हनाइज्ड रॉड ३ मीटर अंतराने ठोका. झटका बसत नाही अशी तक्रार आली तर मशीन बदलण्याआधी अर्थिंग बघा.

नवी_वस्ती

आभार. मेगर ठीक आला. मोटर उलटीच फिरत होती, फेज बदलले.

मोजमाप: बंद असताना पाणी १८ मीटरवर. चालू केल्यावर २० लिटरची बादली २४ सेकंदांत भरली. ४० मिनिटांनी त्याच बादलीला ५५ सेकंद. शेवटची दहा मिनिटं पातळी ४१ मीटरवर स्थिर. अहवालात ई. कोलाय (विष्ठेतला जिवाणू) आढळला, टीडीएस ८४०, फ्लोराइड ०.७, नायट्रेट ६२. टाकी सापडली, शोषखड्डा बोअरपासून ११ मीटरवर, वरच्या अंगाला. क्लोरीनने हे सगळं सुटेल ना?

पाणाड्या

ई. कोलाय मरेल, नायट्रेट जाणार नाही. प्रयोगशाळेला एकच विचारा: ६२ हे नायट्रेट म्हणून की नायट्रेट-नायट्रोजन म्हणून? नायट्रेट असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिग्रॅ/लिटर, नायट्रोजन असेल तर ११. दोन्हीत सुमारे साडेचार पटीचा फरक आहे. पहिल्या अर्थानेही बाळाला हे पाणी नको, त्याची पावडर कालवायलाही नको. उकळू तर मुळीच नका. पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. आरओ लावून त्याचं पाणी पुन्हा तपासेपर्यंत बाळाला बाहेरचं पाणी. दुभत्या गाईंना ६२ नायट्रेट चालतं, पण चाऱ्यातही नायट्रेट जास्त असेल तर दोन्हीची बेरीज होते.

ब्लिचिंग: ७५ वजा १८ म्हणजे ५७ मीटर पाणी, साधारण १००० लिटर. पावडर ३३० ग्रॅम. पण शोषखड्डा ११ मीटरवर आणि वरच्या बाजूला असताना ते तात्पुरतंच. खड्डा खालच्या अंगाला हलवा, मग क्लोरीन, मग आठ-दहा दिवसांनी नळाच्या पाण्याचा क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर जिवाणूंचा नमुना पुन्हा.

आता बोअरची ताकद. सुरुवातीचे ५० लिटर मिनिटाला हा केसिंगमध्ये साठलेल्या पाण्याचा डौल होता. पातळी जिथे स्थिरावली तिथला आकडा खरा: ५५ सेकंदांना २० म्हणजे मिनिटाला सुमारे २२ लिटर. चार माणसांना ५०० लिटर, दोन दुभत्या गाईंना उन्हाळ्यात २०० धरा, कोंबड्यांना पाच-सहा. हे तासाभरात निघतं. शेतीला मात्र एका एकरावर १ मिमी पाणी म्हणजे ४००० लिटर. रोज ५ मिमी लागणारं पीक घेतलंत तर एकरी २०,००० लिटर, म्हणजे मोटर पंधरा तास. पाच एकर बागायत विसरा. ठिबकवर अर्धा एकर, तेही टाकीत साठवून. पातळी खाली गेल्यावर मोटर कोरडी पडू नये म्हणून ड्राय-रन प्रोटेक्शन लावा. आणि हीच बादली-घड्याळाची परीक्षा ऐन उन्हाळ्यात पुन्हा करा, तेव्हाचा आकडा धरून झाडं लावा.

मातीमोल

नवा शोषखड्डा खणण्याआधी तिथे ३० सेंमीचा चाचणी-खड्डा पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा भरा आणि दर अर्ध्या तासाला पातळी किती उतरते ते मोजा. त्या हिरव्या पट्ट्यात मात्र खणू नका, तिथली जमीन आधीच पाणी पिऊन बसलेली आहे.