अनुभव धागा: रोजच्या धबडग्यात देवाचं ऐकायचं कसं?

"प्रभू बोलतो" हे आपण रविवारी म्हणतो. सोमवारी सकाळी डबा, शाळा, केएमटीची बस आणि शिफ्ट यांच्यामध्ये ऐकायचं कसं, हे मात्र कुणी शिकवत नाही. म्हणून कोल्हापूर परिसरातल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना विनंती केली होती की साक्ष, म्हणजे देवाच्या अनुभवाची गोष्ट, पुढं कधीतरी, आत्ता पद्धत सांगा: काय करता, किती वेळ, कुठं चुकतं. आलेलं इथं एकत्र देत आहोत.

शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, ताराबाई पार्क

सुरुवात बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढं सरकते. पण रोज अध्याय संपवायचा नाही, आठ-दहा ओव्याच (अध्यायातली क्रमांक घातलेली वचनं) घ्यायच्या. पहिल्यांदा मनात वाचा, दुसऱ्यांदा मोठ्यानं. तिसऱ्यांदा वाचताना जिथं मन अडकेल तिथं थांबा. अडकलेला शब्द किंवा वाक्य वहीत उतरवून घ्या, त्याच शब्दांत प्रार्थना करा आणि शेवटची पाच मिनिटं काहीही मागू नका. सगळं मिळून वीस मिनिटं होतात. ही रीत जुनी आहे. बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठवासीयानं वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत सान्निध्य अशा चार पायऱ्या मांडून ठेवल्या.

शेवटची पाच मिनिटं सर्वांत अवघड जातात. दूध उतू गेलं का, लाइटबिल भरलं का, हे सगळं नेमकं तेव्हाच आठवतं. त्याच्याशी झगडू नये. शेजारी एक कागद ठेवा, आठवलेलं काम त्यावर लिहा आणि परत शांत व्हा. आठवडाभरात कागद छोटा होत जातो. मोबाइलवरचं बायबल यावेळी नको, मेसेजची एक टिंग वाजली की वीस मिनिटं गेलीच.

सगळ्यात घातक सवय म्हणजे डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट ठेवलेली ओवी "आजचं वचन" म्हणून घ्यायची. यिर्मया २९:११ (एकोणतिसावा अध्याय, अकरावी ओवी) किती घरांच्या भिंतीवर आहे! "हिताचे संकल्प" सगळ्यांना पाठ असतात. पण ती ओवी यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातली आहे, ते पत्र बाबेलात बंदिवासात गेलेल्यांना लिहिलेलं आहे आणि आधीच्याच ओवीत सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. नोकरीची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे म्हणून ती ओवी धरणाऱ्यानं दहावी ओवीही वाचावी. आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओव्या वाचल्याशिवाय कुठलंही वचन स्वतःला लावू नका.

टर्नर (लेथ मशीनवर काम करणारा), शिवाजी उद्यमनगर

शॉपमध्ये शांतता नसतीच. म्हणून एक ओवी कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवायची. पेन्सिलनं लिहा, बॉलपेनची शाई कूलंट (मशीन थंड ठेवायचं पाणी) लागलं की पसरती. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. जॉब बदलताना एकदा बघायचं, चहाला एकदा, जेवायच्या सुट्टीत एकदा. मशीन चालू असताना डोळे मिटून प्रार्थना कधीच नाही. जॉब पकडणारा चक फिरत असताना लक्ष चकवरच पाहिजे, तीपण देवानं दिलेली जबाबदारी आहे.

टूलची धार गेली की कटचा आवाज बदलतो. नवीन पोराला तो बदल कळत नाही, जुन्या माणसाला मशीनकडं पाठ असतानाही कळतो. त्यानं काही वेगळा कान आणलेला नसतो, रोज आठ-आठ तास तोच आवाज ऐकलेला असतो. योहान १० मध्ये मेंढरं मेंढपाळाची वाणी ओळखतात ती अशीच, सवयीनं. अडचण आली की मगच ऐकायला बसणाऱ्याला कुठला आवाज कुणाचा ते कळायचं नाही.

रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर (नर्स)

१ राजे १९ नीट वाचा. एलीया संदेष्टा मरण मागत होता. देवानं त्याला आधी झोपू दिलं, मग दूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. मग चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगराला पोचला. देवाची मंद वाणी त्याच्याही नंतर आली. क्रम लक्षात घ्या: झोप, अन्न, मग ऐकणं. सलग रात्रपाळ्यांनंतर, तापात, घरात कुणी वारल्यावर लगेच मनात आलेलं "देवाचं सांगणं" लिहून ठेवा, पण त्यावर पाऊल उचलू नका. दोन रात्री नीट झोप होऊ द्या आणि मग वाचा.

उपासाबद्दलही सांगायलाच हवं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका. साखर उतरल्यावर येणारी चक्कर आणि घाम म्हणजे आत्म्याचा स्पर्श नव्हे. आणि कुणाला कानात सतत आवाज येत असतील, ते शिव्या देत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर त्या माणसाला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. प्रार्थना करतच न्या, पण न्या. चालू गोळ्या "विश्वासानं" बंद करायला कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

मंडळीतले (चर्चमधले) एक वडील, म्हणजे एल्डर

"प्रभूनं मला सांगितलंय" या वाक्यानं समोरच्याचं तोंड बंद होतं, म्हणून ते जपून वापरावं. "मला असं वाटतंय, तुम्ही पारखून बघा" म्हणा. १ थेस्सलनीका ५ मध्ये संदेश तुच्छ मानू नका म्हटलंय आणि लगेच सगळं पारखा असंही म्हटलंय. यरुशलेमच्या सभेचं पत्र पाहा, प्रेषितांची कृत्ये १५:२८: "पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले." त्या "आम्हांला"च्या मागं बराच वादविवाद झालेला आहे. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले. पुढं इथलं काम प्रेसबिटेरियन रीतीनं वाढलं आणि त्या रीतीत वडिलांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. ते आपल्याला परकं नाही.

पारखताना आधी वचनाशी ताडा. मग दोन-तीन प्रौढ माणसांना विचारा, त्यांतलं निदान एक तुम्हाला नाही म्हणू शकणारं असावं. माझ्या मते सर्वांत जास्त गफलत होते ती सोयरिकीत आणि पैशांत. मुलीला न विचारता "प्रभूनं हेच स्थळ दाखवलं" म्हणू नये. प्रभूला तिच्याशीही बोलता येतं. कर्ज काढून दान द्यायला सांगणारा संदेश असेल तर आधी घरचा हिशेब मांडा. घाई करायला लावणाऱ्या आवाजापासून सावध राहा.

कॉलेजची विद्यार्थिनी, कसबा बावडा

बसमध्ये इअरफोन काढून ठेवायचे, फक्त जातानाच्या फेरीत. येताना गाणी ऐका की. पहिले चार-पाच दिवस कंटाळा येतो, तो येऊ द्यायचा.

घर सांभाळणाऱ्या एक आजी

तेविसाव्या स्तोत्राला सहा ओव्या, आमच्या घरी सकाळच्या भाकरी सहा. थापताना एक ओवी म्हणायची. भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं की गप्प राहायचं, पाणी सुकेपर्यंत. उलटली की पुढची ओवी. लक्ष भलतीकडं गेलं की भाकरी करपते, त्यामुळं आपोआप भानावर येतो बघा.

नातवंडांना शमुवेलाची गोष्ट सांगताना घाई करू नका. देवानं हाक मारली, पण पोरगं तीनदा चुकून एली याजकाकडं धावलं आणि तिन्ही वेळा कुणी त्याला रागावलं नाही. "बोल, तुझा दास ऐकत आहे" एवढं वाक्य रात्री अंथरुणात म्हणायला शिकवा आणि मग दिवा मालवा. "काय ऐकलंस?" असं सकाळी विचारू नका, पोरं आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी रचून सांगतात.

पुन्हा ताराबाई पार्कच्या बाई, वहीबद्दल विचारलं म्हणून

दोनशे पानी साधी वही चालते. चार रकाने आखा: तारीख, ओवी, काय वाटलं, काय केलं. "काय केलं" मध्ये छोटं काहीतरी असावं, जाऊबाईंना फोन केला, उसने दोनशे परत दिले, असं. पाचवा रकाना आखून कोरा ठेवा आणि तीन महिन्यांनी पहिल्या पानापासून भरायला घ्या, जे वाटलं होतं ते खरं निघालं का. चुकलेल्या नोंदी खोडू नका, समोर फुली करा. फुल्या बहुधा एकाच प्रकारच्या विषयांवर पडलेल्या दिसतील. पुढच्या वेळी त्या विषयावर काही वाटलं, की आधी मंडळीतल्या वडिलांना जाऊन विचारा.