प्रकर्ता, मुखत्यार, अडत्या, दलाल: फरक काय?

दुभाषी: एका करारनाम्याच्या मसुद्यात प्रिन्सिपलला ‘मालक’ आणि एजंटला ‘दलाल’ म्हटलंय. चालेल?

खर्डेनवीस: नको. ‘मालक’ म्हटलं की समोर नोकर उभा राहतो. कायद्याच्या मराठीतली जोडी प्रकर्ता आणि अभिकर्ता. करार अधिनियम, 1872, कलम 182 पाहा: दुसऱ्यासाठी काम करायला, किंवा तिसऱ्याशी व्यवहारात त्याचं प्रतिनिधित्व करायला नेमलेला तो अभिकर्ता; ज्याच्यासाठी तो हे करतो तो प्रकर्ता. माझी कसोटी साधी आहे. त्याच्या शब्दानं बांधला कोण जातो? जागेचा दलाल दोघांची गाठ घालून देतो, दलाली घेतो. एरवी त्याच्या ‘हो’नं घरमालक बांधला जात नाही. अडत्या मात्र शेतकऱ्याचा माल शेतकऱ्याच्या वतीनं विकतो. तो अभिकर्ताच. गाड्यांचा डीलर बहुधा माल स्वतः विकत घेऊन विकतो, म्हणून तो अभिकर्ता नव्हे. पाटीवर काहीही असो.

दुभाषी: आणि ‘कुलमुखत्यार’? घराण्याचा मुखत्यार?

मोडीवाचक: कुळाशी काही संबंध नाही! अरबी ‘कुल्ल’ म्हणजे सगळं. ‘मुख्तार’ म्हणजे निवडलेला, अधिकार असलेला. आपला ‘अखत्यार’ त्याच धातूचा. तेव्हा सर्व कामांचा अधिकार दिलेला तो कुलमुखत्यार. एकाच कामापुरतं असेल तर ‘खास मुखत्यारपत्र’. ‘विशेष कुलमुखत्यारपत्र’ असं शीर्षक सर्रास दिसतं, त्याची मला गंमत वाटते: सगळं आणि तेवढंच, एकाच दमात.

खर्डेनवीस: मुखत्यार हाही अभिकर्ताच. मुखत्यारपत्राच्या शीर्षकावर फार काही ठरत नाही, आतला मजकूर बघतात, तोही काटेकोर. ‘मिळकतीची व्यवस्था पाहणे’ यात विक्री येत नाही. विकणं, मोबदला स्वीकारणं, दुय्यम निबंधकासमोर कबुली देणं हे एकेक स्पष्ट लिहा. मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 च्या सूरज लॅम्प निकालात ठणकावलंय. प्रकर्ता वारला की अधिकार संपतो (कलम 201). ‘रद्द न होणारे’ असं नुसतं लिहून तो टिकत नाही. त्या मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तर कलम 202 लागू पडतं: त्या हितसंबंधाला बाधा येईल अशा रीतीनं, तसा स्पष्ट करार नसेल तर, अधिकार संपवता येत नाही.

दुभाषी: मुखत्यारानं सही कशी करावी?

मोडीवाचक: ‘अमुक तर्फे कुलमुखत्यार तमुक’. ‘तर्फे’ गाळू नका.

खर्डेनवीस: गाळलं आणि प्रकर्त्याचं नावही कुठे सांगितलं नाही, तर कलम 230 प्रमाणे मुखत्यार स्वतःच बांधला गेला असं गृहीत धरतात.