स्कॅफोल्ड : परांची, जाळी की आधार?

म्हसरूळकर : रुग्णांच्या संमतीपत्राच्या मराठी मसुद्यात ‘स्कॅफोल्ड’ला (ज्याच्या आधाराने नवं हाड वाढावं असा तुकडा) शब्द शोधताना एक वाक्य अडलंय : ‘हाडातली पोकळी भरण्यासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोनची (पीसीएल) परांची बसवली जाईल, ती हळूहळू विरघळते.’ पीसीएल म्हणजे प्लास्टिकसारखं एक पॉलिमर. वाचणारे नाशिक-निफाड पट्ट्यातले. ‘परांची’ ठेवावं की ‘जाळी’, ‘सांगाडा’? आणि ‘विरघळते’ चालेल का?

पंचवटीकर : परांची नकोच. गंगापूर रोडला इमारतीभोवती बांधलेली परांची प्लास्टर झालं की सोडतात. रुग्ण तोच अर्थ घेणार आणि विचारणार, काढायचं ऑपरेशन कधी? ‘जाळी’ त्याहून घातक. हर्नियामुळे तो शब्द घरोघरी पोचलाय, आणि ती जाळी पॉलिप्रॉपिलीनची, चपटी, जन्मभर राहणारी. ‘सांगाडा’ म्हटलं की अख्खी हाडं डोळ्यांपुढे येतात. निफाडच्या लोकांना द्राक्षाचा मांडव कळेल, पेशी वेलीसारख्या पसरतात हेही त्यात येतं. पण बाग असेतो मांडव उभाच असतो, तिथे अर्थ उलटा होतो. माझं मत ‘सच्छिद्र आधार’ला.

सातपूरकर : ‘सच्छिद्र’शी सहमत, फक्त छिद्रं एकमेकांत उघडलेली हवीत, नुसती भोकं असून पेशी आत शिरत नाहीत. ‘विरघळते’ मात्र बदलाच. वस्तू बनते कशी ते पाहिलं की तीन क्रियापदं वेगळी पडतात.

मीठ धुऊन काढायची पद्धत घ्या (पुस्तकी शब्द निक्षालन) : पॉलिमरमध्ये मिठाचे कण मिसळायचे, मग ते पाण्याने काढून टाकायचे, त्यांच्या जागी छिद्रं उरतात. १ ग्रॅम पीसीएल १० मिली क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट). मीठ ओव्हनमध्ये कोरडं करून चाळायचं आणि २५० ते ४२५ मायक्रॉनचे कण ठेवायचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात इथे हयगय नको : आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरतं, गुठळ्या होतात आणि चाळणीच्या आकड्याला अर्थ उरत नाही. ९ ग्रॅम मीठ घालून लगदा दाट होईपर्यंत ढवळा, मगच टेफ्लॉनच्या साच्यात भरा. पातळ असताना ओतलात तर मीठ तळाशी बसतं आणि वर नुसतं पॉलिमर राहतं. साचा अर्धवट झाकून ठेवा. क्लोरोफॉर्म भराभर उडाला तर वर साय धरते, मग त्या बाजूने ना पाणी आत जातं ना पेशी. एक-दोन दिवसांनी उरलेला क्लोरोफॉर्म व्हॅक्यूममध्ये काढायचा.

पीसीएलला पाणी धरवत नाही, म्हणून तुकडा आधी इथेनॉलमध्ये भिजवून मग ऊर्ध्वपातित पाण्यात टाकायचा; दोन दिवस, दर ६ ते ८ तासांनी पाणी बदलत. जाडी ३ मिमीच्या आतच बरी, नाहीतर मधलं मीठ निघता निघत नाही. शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढरा साका आला तर क्लोराइड अजून येतंय. पण साका आला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. बंद छिद्रात कोंडलेलं मीठ पाण्यात उतरतच नाही. तुकडा वाळवून वजन करा. घातलेल्या पीसीएलपेक्षा जास्त भरलं तर मीठ आत आहे.

म्हणजे मीठ विरघळतं, क्लोरोफॉर्म उडतो आणि पॉलिमरचं विघटन होतं. शरीरात पीसीएल पाण्याने एस्टर बंध (त्याच्या लांब साखळीतले जोड) तुटत तुटत जातं, त्याला २ ते ३ वर्षं लागतात. ‘विरघळते’ वाचून लोकांना विरघळणारे टाके आठवतील आणि महिना-दोन महिन्यांत काम झालं असं वाटेल.

पंचवटीकर : ‘९० टक्के मीठ म्हणजे ९० टक्के सच्छिद्रता’ असंही सर्रास लिहिलं जातं, तेही चूक. टक्के वजनाचे आहेत, छिद्रं आकारमानाची. पीसीएलची घनता १.१४५, मिठाची २.१६५. १ ग्रॅम पीसीएल ०.८७ घनसेंमी, ९ ग्रॅम मीठ ४.१६ घनसेंमी, सच्छिद्रता ८३ टक्क्यांच्या आसपास. खरोखर ९० हवी तर १ ग्रॅमला १७ ग्रॅम मीठ लागेल, आणि तेवढ्यात तुकडा हाताळतानाच भुगा व्हायला लागतो.

म्हसरूळकर : पटलं. पुढचं वाक्य ‘७० टक्के अल्कोहोलने निर्जंतुक केलेला’ असं आहे. ते ठीक?

पंचवटीकर : नाही. मराठीत ‘निर्जंतुक’ शब्द फरशी पुसण्यापासून शस्त्रक्रियेच्या हत्यारांपर्यंत चालतो, इथे मात्र जपून वापरा. अल्कोहोलने जिवाणू मरतात, बीजाणू टिकतात. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यापुरतं ते चालवून घेतात, शरीरात बसवायच्या वस्तूला नाही. १२१ अंशांचा ऑटोक्लेव्हही (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) बाद, पीसीएल ६० अंशांनाच वितळतं. इथिलीन ऑक्साइड वायू किंवा गॅमा किरण वापरावे लागतात. वायू वापरला तर तो पूर्ण निघून जाईपर्यंत वस्तू हवेशीर ठेवावी लागते. जी पद्धत असेल तिचं नाव लिहा, मग ‘निर्जंतुक’ म्हणा.

म्हसरूळकर : नवा मसुदा : ‘हाडातल्या पोकळीत पीसीएल या पॉलिमरचा सच्छिद्र आधार (स्कॅफोल्ड) बसवला जाईल. तो काढण्यासाठी वेगळं ऑपरेशन करावं लागत नाही. त्याच्या छिद्रांमध्ये हाडाच्या पेशी वाढाव्यात, हा उद्देश आहे. आधाराचं शरीरात साधारण २ ते ३ वर्षांत विघटन होतं.’

सातपूरकर : छान. ‘विघटन’च्या पुढे ‘म्हणजे तो तुटत तुटत नाहीसा होतो’ एवढं जोडा. आणि हे पीसीएलपुरतंच, हेही मसुद्यात नोंदवून ठेवा. उद्या ५०:५० पीएलजीए (लवकर विघटन होणारं दुसरं पॉलिमर) आलं तर वर्षांऐवजी १-२ महिने लिहावे लागतील. अजून एक : नुसतं पीसीएल एक्स-रेत दिसत नाही. ते आधीच लिहा, नाहीतर फिल्म हातात धरून ‘बसवलेलं कुठे गेलं?’ हा प्रश्न येणारच.